एकोणिसावी सही

४ मार्च, शुक्रवार

आज ल्युबिंकाने चढावर सात वेळा दम खाल्ला. मी वर फाटकापाशी उभा राहून बघत होतो. चिखल इतका की डायलिसिसची गाडी खालच्या चौकातच थांबते. ड्रायव्हर म्हणतो, "मावशी, याच्या वर नाही नेणार मी. मागच्या वेळी ट्रॅक्टर लावून ओढून काढली." त्याचंही खरं आहे. पण चार तास मशीनला रक्त देऊन आलेल्या बाईने चारशे तीस मीटर चढ चढायचा? आठवड्यातून तीनदा? मला असा संताप आला की फाटकाला लाथ घातली. फाटकाला काही झालं नाही, माझा अंगठा सुजलाय.

मी खाली गेलो असतो, पण सत्तावीस वर्षं या डोंगरावर टपाल वाटून माझ्या गुडघ्यांची वाट लागली आहे. उतार दिसला की ते कुरकुरायला लागतात. आणि दवाखान्याचा वास मला सोसत नाही, हे ल्युबिंकाला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

आता ही वही का काढली ते. खालच्या दुकानाच्या दारावर पालिकेने नोटीस डकवली आहे. कच्च्या रस्त्यांचं डांबरीकरण, सत्तर टक्के पालिकेचे, तीस टक्के रस्त्यावरच्या घरमालकांचे. अट एकच. सगळ्या मालकांची लेखी संमती हवी, एक जरी सुटला तरी कागद बाद. दहा मेपर्यंत मुदत, नाहीतर डांबर पुढच्या आळीला जाणार. आमच्या वरच्या आळीत एकोणीस घरं. जन्मभर मी त्यांना कागद नेऊन दिले, आता त्यांच्याकडून कागद आणायचे. ही वही पोस्टातली आहे. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याबरोबर आली.

७ मार्च, सोमवार

स्लावोल्युबच्या अंगणात सभा झाली. सभा कसली, कोंबडबाजार. कुणीतरी म्हणालं, ज्याची हद्द रस्त्याला जास्त लागते त्याने जास्त द्यावं. स्लावोचं घर कोपऱ्यावर, त्याची हद्द दोन्ही अंगांना. तो उसळलाच.

"म्हणजे कोपऱ्यावर जन्मलो हा माझा गुन्हा?"

मी म्हटलं, "तुझ्या कोंबड्या दोन्ही अंगांना हगतात, तेव्हा नाही वाटत गुन्हा!"

दोन तास हेच चाललं. स्लावोच्या घरच्या दारूच्या, राकियाच्या, दोन बाटल्या संपल्यावर ठरलं की हद्द कितीही असो, दर घराने सारखं द्यायचं. मग मला प्रमुख निवडलं, एकमताने. म्हणजे बाकी कुणालाच ते व्हायचं नव्हतं.

घरी आल्यावर ल्युबिंकाला सांगितलं. ती म्हणाली, "सह्या तू गोळा करणार? वितो, तुला कुणाला विचारता येतं का रे?"

"विचारायचं काय त्यात? कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवायचं."

ती हसत बसली. आजारी माणसाला कशाचंही हसू येतं.

१६ मार्च, बुधवार

ल्युबिंका शहरातून येताना बेकरीच्या कागदात गुंडाळून कोबीची पोळी घेऊन आली. मीठ अजिबात नाही, तिला चालते तशी. मी अर्धी खाल्ली आणि थक्क झालो. वर कुरकुरीत, आत मऊ, पीठ कागदासारखं ताणलेलं.

"कोण देतं गं हे तुला?"

"तिथे एक बाई येते."

"पेशंट आहे?"

"नाही. सोबत बसायला येते."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

काय एकेकाला वेळ असतो! चार तास परक्या बाईजवळ बसायचं म्हणजे चेष्टा आहे? पण पोळी उत्तम. म्हटलं, थेट माझ्या आईच्या हातची. तर ल्युबिंका तोंड फिरवून पाणी प्यायला उठली. तिला पाणी मोजूनच प्यायचं असतं, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, ओरडू नकोस, एकच घोट आहे.

सह्या चार झाल्या.

२९ मार्च, मंगळवार

या आळीत राहतात जिवंत माणसं आणि घरं सगळी मेलेल्यांच्या नावावर! एकोणिसांपैकी अकरा. एकाचं आजोबांच्या नावावर, एकाचं पणजोबांच्या. पालिकेतली दानित्सा, चांगली मुलगी आहे, तिच्या आईला मी पेन्शन नेऊन द्यायचो, ती म्हणाली, "वितोमिरकाका, नाव बदललं नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या." म्हणून मी तीन आठवडे वारस हुडकत हिंडतोय. एक वारस बंदरावर क्रेन चालवतो, एकीने तीन लग्नं केली आणि तिन्ही आडनावं वापरते.

आज स्लावोकडे होतो. त्याची बहीण शेजारच्या गावाहून आली, मुकाट्याने सही करून गेली. तिने वडिलांच्या घरात आपला अर्धा वाटा घेतला होता, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. अंगणात पाच-सहा जण होते, मला राहवलं नाही.

"स्लावो, बहिणीने कोर्टात अर्धं घर नेलं आणि तू अजून मिशी ठेवतोस?"

सगळे खो खो हसले. स्लावो नाही हसला.

मी म्हटलं, "आपल्यात बहीण भावासाठी सोडते, ही रीत आहे. माझी मिलियाना बघ. बाबा गेल्यावर कोर्टात गेलो, एका शब्दाने सोडलं तिने. बाहेर आल्यावर मी तिला कोट घेऊन दिला. गडद निळा, लोकरीचा, चांगल्यातला."

"आणि हल्ली कुठे असते ती?"

"शहरात. बेकरीत कामाला आहे."

"येते का?"

मी कागद उचलून पिशवीत घातले. अकरा वर्षांत आली नाही. सणालाही नाही. शहरात गेली की माणसं शिष्ट होतात. घराण्याच्या संताच्या सणाला आपल्याकडे बोलावणं पाठवत नाहीत, ज्याला यायचं तो आपण होऊन येतो. तिला यायचं नसेल, नाही आली. मी काय फाटकाला कुलूप लावलं होतं?

घरी हे सांगितलं तर ल्युबिंकाने विचारलं, "मिशीचं खरंच बोललास? सगळ्यांसमोर?" मग जेवली नाही.

२५ एप्रिल, सोमवार

ईस्टरला व्हिएन्नावाले, म्हणजे तिकडे कामाला गेलेले आमचेच लोक, आले. आळीत सात घरं त्यांची, तीन-तीन मजली, फाटकावर प्लास्टरचे सिंह, आत वर्षभर उंदीर. त्यांच्याकडून सह्या घ्यायला एक दिवस लागला. खिशातून पेन काढलं आणि केली सही. एकाने तर विचारलं, "काका, ऑगस्टच्या आत होईल ना? नवी गाडी घेतलीय, खाली घासते." त्यांना गाडीचं पोट घासतं याची चिंता. माझ्या बायकोला श्वास पुरत नाही, त्याचं काय?

पण आजचा दिवस माझा. अठरा सह्या! एकोणिसावं घर माझं, ते काय, उद्या पालिकेत जाऊन उतारा काढायचा आणि तिथेच सही ठोकायची. ल्युबिंकाला म्हटलं, शरद ऋतूत तुझी गाडी फाटकाशी उभी राहील. ती म्हणाली, "आपला उतारा आधी का नाही काढलास?"

"आपल्यात काय बघायचंय?"

 शुक्रवारपासून तिचा चेहरा पांढरा पडलाय.

२६ एप्रिल, मंगळवार

काय लिहू?

दानित्साने उतारा छापला आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. "वितोमिरकाका, तुमचं अर्धंच आहे."

"कशाचं अर्धं?"

"घराचं. अर्धं तुमचं, अर्धं मिलियाना पेशिच यांचं. त्यांची सही लागेल."

मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तिने पुन्हा छापलं. मी म्हटलं, कोर्टाची चूक आहे, मला कुणी कळवलंच नाही! आवाज चढला माझा, रांगेतली माणसं वळून बघायला लागली. ती बिचारी आत गेली, जुनी फाइल घेऊन आली. त्यात कोर्टाच्या निकालाची पोचपावती. निकाल मिळाला, तारीख, सही. सही माझी. टपालवाल्याच्या रकान्यातही माझीच, घेणाऱ्याच्या रकान्यातही माझीच.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. 

२७ एप्रिल, बुधवार

पाकीट सापडलं. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या शिक्क्यांच्या डब्याखाली. निळी कोर्टाची मोहर, चिकटवलेलं जसंच्या तसं.

मी ते फोडलंच नव्हतं. कशाला फोडू? आत काय आहे ते मला माहीत होतं! कोर्टात माझं म्हणणं आधी लिहून घेतलं, मी हो म्हटलं आणि सिगरेट ओढायला बाहेर गेलो. मिलियाना मागून आली. मी म्हटलं, झालं? ती म्हणाली, झालं. मी तिला कोटाच्या दुकानात नेलं. दोन महिन्यांनी हे पाकीट माझ्याच पिशवीत आलं. कोर्टाची पाकिटं पोचवायची असतात, मी मला पोचवलं आणि खणात टाकलं. सत्तावीस वर्षांत एक पत्र गहाळ केलं नाही मी. एकही नाही.

आज फोडलं. "मिलियाना पेशिच, मृताची कन्या, आपला वाटा स्वीकारते." एवढंच.

ल्युबिंका डायलिसिसहून आली तेव्हा कागद टेबलावर होता. तिने वाचला, पण जराही दचकली नाही. म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोन कर तिला."

"मी? तिने करावा! घर तिने नेलं आणि फोन मी करू?"

"वितो, मला चढ चढवत नाही." हे ती इतक्या हळू म्हणाली की मला जास्त राग आला. तिच्यावर नव्हे. कुणावर ते माहीत नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

सकाळी संमतिपत्र पुढ्यात घेऊन बसलो. मिलियानाची सही मला येते. नवलाची गोष्ट नाही, निम्म्या गावाची येते. म्हाताऱ्या शेतावर असायच्या, रजिस्टर पत्र परत कुठे न्यायचं, मीच त्यांची सही करून पत्र खिडकीत ठेवायचो. कुणाची तक्रार आली नाही कधी.

तेव्हा केली. मिलियाना पेशिच. म ला तिची ती लांब शेपटी, शाळेत बाई त्यावरून मारायच्या. हुबेहूब जमली. दहा मिनिटं बघत बसलो आणि मग मला शिसारी आली. फाडून चुलीत घातली. दुसरा कागद आणायला पुन्हा दानित्साकडे जावं लागणार, ती विचारणार पहिल्याचं काय झालं. सांगेन, भिजला.

३० एप्रिल, शनिवार

गेलो शहरात. बेकरी दवाखान्याच्या अगदी समोर आहे हे मला माहीत नव्हतं. मिलियाना मागच्या खोलीत पीठ ताणत होती. केस पांढरे झालेत तिचे. मला बघून तिने हात पुसले, खुर्ची दिली, चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. परक्या पाहुण्याला देतात तसं. मला ते झोंबलं.

मी पाकीट पुढे केलं. ती म्हणाली, "दादा, हे तू कधी वाचलंस?"

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

"या. याच आठवड्यातल्या."

तिने पाकीट उलटंपालटं करून बघितलं. मग हसायला लागली, इतकी की पिठाच्या पोत्यावर बसली, आणि बसल्या बसल्या रडायला लागली. मला काय करावं कळेना. मी मुरंबा खाल्ला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "मला वाटत होतं तू वाचलंस आणि रागाने गप्प बसलास. शिव्या द्यायला तरी फोन करशील म्हणून वाट बघायचे. तो कोट मी एकदासुद्धा घातला नाही. म्हटलं, दादा परत मागेल."

"मला वाटलं तू शिष्ट झालीस."

"मी? शिष्ट?" तिने पिठाचे हात वर करून दाखवले.

मग मी विचारलंच, घर कशाला हवं होतं तुला? तिने पोत्यावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "कोर्टातल्या बाईंनी मला विचारलं, वडिलांचा वाटा स्वीकारता का? दादा, तोपर्यंत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. दोन वर्षं मी दर शनिवारी बसने येऊन बाबांना आंघोळ घातली, तेसुद्धा कुणी विचारलं नाही, करशील का म्हणून. ती येईल, ती करेल. कोर्टात त्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मी हो म्हटलं. घर नको होतं मला. हो म्हणायचं होतं."

बरं, झालं ते झालं. मी संमतिपत्र काढलं, पेन काढलं, बोट ठेवलं. "इथे कर. तुझ्या वहिनीसाठीच आहे रस्ता."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "पुन्हा तेच."

"काय तेच?"

"दादा, विचार की."

आता यात विचारण्यासारखं काय आहे? घरी बायको मरणाच्या वाटेवर आणि इथे मानापमान! मी उठलो. दारात असताना ती मागून म्हणाली, "गेल्या शुक्रवारी ल्युबावहिनीचं प्रेशर फारच उतरलं होतं. आता बरी आहे ना?"

मी म्हटलं, आहे. बेकरीवाल्यांकडे सगळ्या जगाच्या बातम्या असतात.

३ मे, मंगळवार

झोप नाही. सात दिवस राहिले. आळीतले रोज विचारतात, वितो, कागद दिलास का? मी म्हणतो, देतोय. स्लावोने आज कोपऱ्यावर गाठलं.

"अठरा झाल्या म्हणे. एकोणिसावी कुणाची राहिली?"

"होईल."

"मी विचारलं, कुणाची?"

मी खोकल्याचं सोंग करून निघून आलो. त्याला कळलंय की नाही कोण जाणे. कळलं असेल तर शुक्रवारच्या सणाला तो भर बैठकीत माझी मिशी काढणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही काढली असती.

ल्युबिंकाला म्हटलं, मी तिला रस्त्यासाठी दोनदा हात जोडायला तयार आहे, पण विचारू काय? ती म्हणाली, "तेच, जे तू जन्मात मलाही विचारलं नाहीस." मला यातलं काहीही समजलं नाही. उगाच तापलो, मग माफी मागितली, मग पुन्हा तापलो.

६ मे, शुक्रवार

आमच्या संताचा सण, आणि नेमका डायलिसिसचा दिवस. ल्युबिंकाने काल सगळं रांधून ठेवलं. शुक्रवार म्हणून मांस नाही, मासे. सकाळी पाद्री येऊन सणाचा पाव कापून गेला, मेणबत्ती लावली, साखर घातलेला उकडलेला गहू टेबलावर. दुपारपर्यंत आळी जमली. मी उभा. यजमानाने सणाला बसायचं नसतं, दिवसभर उभं राहून पाहुण्यांचे पेले भरायचे. स्लावो बरोबर माझ्या समोर येऊन बसला.

दोनच्या सुमाराला खाली हॉर्न वाजला. रात्रभर पाऊस पडला होता. मी बाटली हातात घेऊन फाटकाशी गेलो. चिखलातून दोन बायका वर येत होत्या. एक ल्युबिंका. दुसरीने तिला काखेत धरलं होतं आणि ती मोजत होती, मला वरपर्यंत ऐकू येत होतं: "थांब. आता श्वास. आणखी एक. चल." सराव असल्यासारखं. गडद निळा कोट, मे महिन्यात.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की कोबीची पोळी कुणाची, सोबत बसणारी बाई कोण. मी गाढव आहे. नुसता गाढव.

गुडघे विसरून खाली जायला हवं होतं, पण मी बाटली धरून फाटकातच उभा राहिलो. त्या चढून आल्या, मी त्यांच्या पुढे घराच्या दारात गेलो. ल्युबिंका आत गेली आणि मिलियाना उंबऱ्यावर थांबली. माझ्यामागे खोलीत वीस माणसं, सगळ्यांच्या माना वळलेल्या.

स्लावो म्हणाला, "वितो, पाहुण्या कोण आल्यात?"

तो सरळ विचारत होता की डिवचत होता, मला अजून सांगता येत नाही. सगळ्यांनी ते मिशीचं ऐकलेलं होतं. माझे कान तापले. क्षणभर वाटलं म्हणावं, बहीण आहे, सणाला आली, बस. कुणाला काही कळलं नसतं.

मी म्हटलं, "पाहुणी नाही. घर तिचंही आहे. अर्धं. अकरा वर्षांपासून."

 मग मी तिच्याकडे वळलो. "मिले," म्हटलं, "आत येतेस का?"

"येते."

"आणि ती सही... करशील का?"

"करीन, दादा."

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी आठवडाभर झोपलो नाही.

स्लावो उठला. मला वाटलं आता हा बोलणार. त्याने आपला पेला पुढे केला आणि मिलियानाला म्हणाला, "मालकीणबाई, सणाला मालक बसत नाहीत. आणि माझा पेला मघापासून रिकामा आहे."

तिने माझ्या हातातली बाटली घेतली. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशेजारी उभी होती, कोट घालूनच.

९ मे, सोमवार

एकोणीस संमतिपत्रं दिली. दानित्साने एकेक तपासलं. आमच्या कागदावर आली तेव्हा म्हणाली, "म ला शेपटी केवढी लांब आहे हो!" मी म्हटलं, ती तशीच काढते. पोचपावती घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचली.

स्लावोकडे गेलो. मिशीचं बोललो त्याबद्दल माफ कर, म्हटलं. तो म्हणाला, "कुठल्या मिशीचं?" आणि राकिया ओतली. त्याला चांगलं आठवत होतं.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

रोलर गेल्या आठवड्यात गेला. व्हिएन्नावाले आपापल्या गाड्या वर-खाली फिरवून हॉर्न वाजवतात, कोंबड्या दिसेनाशा झाल्यात. डांबर अजून उन्हात वास मारतं.

आज पहिल्यांदा डायलिसिसची गाडी आमच्या फाटकाशी आली. मी पहाटेपासून झाडून घेतलं होतं, शेजारीपाजारी बघायला उभे. ड्रायव्हर उतरला, हात मिळवला, "काका, जिंकलात!" मला फार बरं वाटलं. ल्युबिंका एकाही जागी न थांबता आठ पावलं चालून गाडीत बसली. मी दार लावायला पुढे झालो, तर ड्रायव्हर म्हणाला,

"येत नाही का तुम्ही? जागा आहे."

"कसली जागा?"

"पेशंटच्या शेजारची. सोबतच्या माणसाची. ती सणाचा दिवस सोडला तर पहिल्या दिवसापासून मोकळीच आहे." तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. "मिलियानाताईंना दवाखान्यासमोरच राहायला आहे, म्हणून त्यांना लागत नाही."

मी ल्युबिंकाकडे बघितलं. ती समोर, रस्त्याकडे बघत होती. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, या रिकाम्या जागेच्या शेजारी बसून ती गेली होती. मी इथे उभा राहून तिचे श्वास मोजत होतो आणि समजत होतो की आमच्यामध्ये चिखल आहे.

पायात घरातल्या सपाता होत्या. तशाच चढलो.